हवापालट

लोणावळ्याला जाणाऱ्या माणसांचे तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला जाणाऱ्यांचा, दुसरा चिक्की आणायला जाणाऱ्यांचा, आणि तिसरा डॉक्टरांनी पाठविल्यामुळे जाणाऱ्यांचा. पहिल्या प्रकारात मोडण्याचे माझे वय राहिलेले नाही. चिक्की आता आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते. शिवाय ती फोडायला लागणारे दात मी दंतवैद्याच्या स्वाधीन करून चुकलो आहे. तेव्हा गेल्या माघात आम्ही उभयता लोणावळ्यास गेलो ते तिसऱ्या प्रकारात.

‘हवापालट’ हा शब्द आता जुना झाला. आमच्या लहानपणी आजारातून उठलेल्या माणसाला घरची वडीलधारी मंडळी घाटावर पाठवीत. तो महिनाभर तिथे राही, दूध पिई, आणि गाल वर काढून परत येई. आमच्या डॉक्टरांनी हा जुना शब्द वापरला खरा, पण त्याला एक पुस्ती जोडली. म्हणाले, “नुसती हवा बदलून भागणार नाही, काका. ती आत घ्यायची आणि बाहेर सोडायची रीतही बदलून या.”

हे बोलणे माझ्याशी चालले असले, तरी रोगी मी नव्हतो. निदान त्या वेळी तरी माझी तशी समजूत होती. रोगी होती आमची सौ.! आदल्या पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला आणि बारा दिवस इस्पितळात काढावे लागले. दुखणे उतरले, छातीचा फोटो पुन्हा काढला, तो स्वच्छ निघाला. सगळे कसे व्यवस्थित झाले, आणि मग आमच्या इमारतीचा जिना आडवा आला. आम्ही ठाण्यास एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. इस्पितळातून आल्या दिवशी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचा श्वास असा काही कोंडला, की तिने कठडा धरला आणि मटकन खालीच बसली. शेजारच्या मुलांनी खुर्चीत बसवून वर आणले. त्या दिवसापासून ती जिना उतरली नाही. भाजीबाजार सुटला, भजनीमंडळ सुटले, समोरच्याच गल्लीत राहणाऱ्या नातीचा वाढदिवससुद्धा तिने खिडकीतून साजरा केला. बोटाला लावायचे ते ऑक्सिमीटर नावाचे यंत्र मात्र दिवसातून पन्नास वेळा बोटावर चढे. ते बिचारे प्रत्येक वेळी सत्त्याण्णव नाही तर अठ्ठ्याण्णव दाखवी. सौ. त्याच्याकडे पाही आणि म्हणे, “मग मला श्वास का पुरत नाही?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी बँकेत ३८ वर्षे काढली. आकडा बरोबर असला म्हणजे सगळे बरोबर, अशी माझी शिकवण. आकडा बरोबर आहे आणि माणूस बरोबर नाही, हा हिशेब माझ्याच्याने जुळेना.

त्यात आणखी एक गोष्ट होती. आमची कुलस्वामिनी कार्ल्याची एकवीरा. दर वर्षी आम्ही तिची ओटी भरायला जातो. इस्पितळात पाचव्या रात्री, ताप उतरेना तेव्हा, सौ.ने मनाशी बोलून ठेवले होते, की बरी झाले तर पायऱ्या चढून येईन. कोणी उचलून नेणार नाही, आपल्या पायांनी येईन. हे तिने मला सांगितले ते खूप उशिरा, आणि सांगताना डोळ्यांत पाणी आले. डोंगराच्या पायऱ्या साडेतीनशेच्या आसपास, आणि इथे घराच्या जिन्याच्या तीन डझन पायऱ्यांची धास्ती!

निघायच्या दिवशी जिना उतरताना तिला त्रास झाला नाही. उतरणे कधीच कठीण नव्हते. उतरले की चढायचे आलेच, ही भीती कठीण होती. मी म्हटले, “परत चढायचं ते दहा दिवसांनी. तेव्हाचं तेव्हा बघू.” एवढ्या आश्वासनावर ती गाडीत बसली.

पुण्याकडे जाणारी सकाळची गाडी कर्जतला थांबते, आणि प्रवासी वड्याकडे धाव घेतात. मी मात्र लहानपणापासून गाडीच्या शेपटाकडे पाहत आलो आहे. घाट चढायच्या बहुतेक गाड्यांना तिथे मागून ढकलणारी जादा इंजिने जोडतात. कर्जत ते लोणावळे अंतर सुमारे २८ किलोमीटर. पण तेवढ्यात गाडीला पाचशेहून अधिक मीटर वर चढायचे असते. बोरघाटाचा हा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. तेव्हापासून आजवर इंजिने बदलली, वाफ गेली, वीज आली. घाट मात्र गाडीला आपल्याच चालीने चढायला लावतो. सपाटीवर उड्या मारीत आलेली गाडी कर्जत सोडली की एकदम पोक्त होते. बोगद्यामागून बोगदा येतो, मधल्या उजेडात खाली खोल दरी दिसते, समोर नागफणीचे टोक दिसते. सौ. खिडकीला डोके टेकून पाहत होती. मध्येच म्हणाली, “बघा, एवढी मोठी गाडी, पण हिलासुद्धा मागून आधार लागतो.” मी हसलो. त्या वाक्याचा अर्थ मला पुढे चार दिवसांनी कळायचा होता.

मुंबईहून देशावर चढणारे रेल्वेचे दोन घाट. थळघाट चढून गेले की इगतपुरी लागते. तिथे १९७६ पासून सत्यनारायण गोयंकांचे विपश्यना केंद्र आहे, आणि तिथली साधना सुरू होते ती नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहण्यापासून. बोरघाट चढून गेले की लोणावळे, आणि लोणावळ्यास कैवल्यधाम. मुंबईकरांच्या धावपळीचे दोन्ही रस्ते चढून गेल्यावर माथ्यावर श्वासाची शाळा असावी, हा मोठा मौजेचा योगायोग आहे.

कैवल्यधाम स्टेशनपासून फार दूर नाही. रस्त्यावर सुटीला आलेल्या मोटारींचा कालवा आणि फाटकाच्या आत झाडी, पाखरे आणि हळू चालणारी माणसे. ही संस्था शंभर वर्षांची झाली. तिचे संस्थापक स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. १८८३ सालचा जन्म. बडोद्यास राजरत्न माणिकरावांपाशी ते व्यायाम शिकले, अमळनेरला शिक्षणाच्या कामात राहिले, आणि नर्मदेकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींपाशी योग शिकले. दुसरा एखादा असता तर गुरूने दिले ते डोळे मिटून स्वीकारून बसला असता. या गृहस्थांनी बडोद्याच्या रुग्णालयात योगक्रियांचे क्ष-किरणांनी निरीक्षण केले. नौली आणि उड्डियान करताना पोटात काय होते ते पाहिले, दाब मोजला. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम निघाले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही सुरू झाले. १९२७ साली खुद्द गांधीजींनी प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला होता. १९३२ पासून मुंबईतही त्यांचे काम सुरू झाले. मरीन ड्राइव्हवरून फिरायला जाणाऱ्यांना ती इमारत ठाऊक असेल. १९६६ साली स्वामीजी वारले. शाळा चालू आहे.

आमचा वर्ग सकाळी असे. शिकवायला एक तरुण बाई होत्या. वयाने आमच्या मुलीएवढ्या. त्या आम्हांला काका-काकू म्हणत आणि आम्ही त्यांना बाई म्हणत असू. वर्गात कोणी पाठदुखीचे, कोणी मधुमेहाचे, कोणी नुसतेच झोप न येणारे. मी ‘सोबत’ म्हणून गेलेला. योगासने म्हणजे काय, याविषयी माझ्या काही पक्क्या कल्पना होत्या. शाळेत असताना मी नमस्कारांच्या स्पर्धेत बक्षीस मिळविले होते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घराघरांत नेले, त्यांचे वारे आमच्या शाळेपर्यंत आले होते, आणि मास्तर घड्याळ लावून नमस्कार मोजीत. जो जास्त घाली तो पहिला! तेव्हा मी सतरंजीवर उभा राहिलो तो बाह्या सरसावून.

बाई म्हणाल्या, “सगळ्यांनी आडवं व्हा.”

आडवे झालो. एक हात पोटावर, एक छातीवर. “काही करू नका. कुठला हात हलतोय तेवढं बघा.” माझा छातीवरचा हात हलत होता, पोटावरचा ढिम्म. पाच मिनिटे गेली, दहा गेली. मी एक डोळा उघडून घड्याळ पाहिले. बाईंनी ते पाहिले. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “काका, तुम्हांला कुठली गाडी पकडायची आहे?”

काय सांगू! बँकेतल्या ३८ वर्षांत मी रोज आठ-अकराची लोकल पकडली होती, आणि निवृत्तीनंतरही ती माझ्या छातीत वेळेवर सुटत होती.

मग हात वर न्यायचे. बस्, एवढेच! श्वास आत येऊ लागला की हात उचलायला लागायचे. श्वास पुरा व्हायच्या वेळी हात डोक्यापाशी पोहोचायचे. श्वास बाहेर जाऊ लागला की हात परत. हाताने श्वासाला ओढायचे नाही. श्वासाने हाताला न्यायचे. करून पाहा, वाचकहो, आणि मग सांगा सोपे आहे का. माझे हात प्रत्येक वेळी श्वासाच्या आधी वर पोहोचत आणि तिथे त्याची वाट पाहत उभे राहत. शेजारच्या सतरंजीवर सौ.चे हात मात्र पाण्यात बुडालेली फांदी वर यावी तसे येत होते. बाई तिला म्हणाल्या, “काकू, छान!” मला काही म्हणाल्या नाहीत.

बाई सांगत, की आसन म्हणजे कसरत नाही. पतंजलींनीच म्हणून ठेवले आहे, आसन स्थिर असावे आणि त्यात सुख असावे. भुजंगासन घ्यायचे ते जेवढे सुखाने येते तेवढेच. नाग झाला नाही तरी चालेल, गांडूळ पुरे. तिथे थांबायचे, श्वास कुठे पोहोचतो ते पाहायचे, आणि ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने तितक्याच सावकाश परत यायचे. धाडकन अंग टाकायचे नाही. परत येणे हासुद्धा आसनाचाच भाग.

दुपारी प्राणायाम. सौ.साठी डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहून दिले होते, की श्वास रोखून धरायचा नाही. तेव्हा कुंभक वर्ज्य. नुसता पूरक आणि रेचक. आणि रेचक पूरकापेक्षा लांब. तीन मोजेपर्यंत आत घेतला तर चार-पाच मोजेपर्यंत बाहेर सोडायचा. नाकपुडी बदलून अनुलोम-विलोम. शेवटी ओठ मिटून भुंग्यासारखा गुणगुणाट करायचा, ती भ्रामरी. त्या भ्रामरीचे इंगित नंतर कळले: गुणगुणताना श्वास आपोआप लांब आणि सावकाश बाहेर जातो, मुद्दाम मोजावा लागत नाही.

सौ.चा तो जुना प्रश्न बाईंनाच विचारला, “यंत्र अठ्ठ्याण्णव दाखवतं, मग श्वास का पुरत नाही?” त्यांनी दिलेले उत्तर मला इतके पटले की ते इथे उतरवून ठेवतो. माणूस घाबरला की श्वास छातीच्या वरच्या भागात, भराभर आणि उथळ चालू लागतो. प्राणवायू तर रक्तात आधीच भरपूर असतो. भराभर श्वासाने तो वाढत नाही, उलट अंगातला कार्बन डायऑक्साइड नको तितका बाहेर जातो. मग डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात, छाती आवळल्यासारखी वाटते. आणि वाटते काय, तर श्वास पुरत नाही! म्हणून माणूस आणखी भराभर घेतो. सावकाराच्या व्याजासारखे हे चक्र. फेडावे तितके वाढत जाणारे. यातून बाहेर पडायची वाट म्हणजे श्वास घेण्याची धडपड सोडून आधी तो नीट बाहेर सोडणे. श्वास बाहेर जाताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, हे नाडीवर बोट ठेवून ज्याचे त्याला पाहता येते. प्राणायामाने अंगात प्राणवायूचा मोठा साठा होतो, ही समजूत तर स्वामीजींनी स्वतःच मोजमाप करून बाजूला सारली होती, असे बाई म्हणाल्या. हे ऐकून मला त्या गृहस्थांविषयी फार आदर वाटला. आपल्याच मालाची खोटी स्तुती न करणारा माणूस बँकवाल्याला नेहमी आवडतो.

सवयीप्रमाणे मी वहीत आकडे मांडू लागलो. माणूस मिनिटाला चौदा श्वास घेतो असे धरले तर दिवसाला २० हजारांवर श्वास होतात. एवढ्या व्यवहारांकडे मी आयुष्यात एकदाही लक्ष दिले नव्हते! पहिल्या दिवशी निवांत बसून मोजले तेव्हा माझे मिनिटाला एकोणीस भरले, सौ.चे बावीस. तिसऱ्या दिवशी तिचे सोळा. मी खूश होऊन तिला आकडा दाखवला. ती म्हणाली, “तुम्ही मोजायला लागलात की मला धाप लागते.” वही मिटली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी फिरायला निघालो. थोडा चढ होता; चढ कसला, आमच्या जिन्याच्या मानाने सपाटीच! ती बरी चालत होती. मला वाटले, आता हिला जरा धीर द्यावा. मी नेहमीप्रमाणे दहा पावले पुढे होतो. वळून म्हटले, “चल, चल, एवढंसं तर आहे!” आणि पाहतो तो तिचा चेहरा पांढरा पडलेला, हात छातीवर, श्वास भात्यासारखा. रस्त्याकडेच्या दगडावर ती बसली. मी धावत आलो, पिशवीतले यंत्र शोधू लागलो, पाण्याची बाटली उघडली, आणि माझाच श्वास तिच्याहून जोरात चालू लागला. दोघेही दगडावर धापा टाकीत बसलेले! मग तिनेच ओठ मिटले आणि गुणगुणायला लागली. भुंग्याचा आवाज. एकदा, दोनदा, पाचदा. मीही सुरू केले; दुसरे काही सुचत नव्हते. रस्त्याने जाणाऱ्या एका कुटुंबाने आमच्याकडे वळून वळून पाहिले. दोन म्हातारी माणसे दगडावर बसून एकमेकांना गुणगुणून दाखवीत आहेत, हे दृश्य त्यांनाही रोज दिसत नसावे.

थोड्या वेळाने तिचा रंग परत आला. म्हणाली, “एक सांगू? रागावू नका. तुम्ही असे पुढे गेलात ना, की मला वाटतं मी मागेच राहून जाईन. इस्पितळात रात्री तुम्ही घरी जायला निघायचात, दारातून पाठ दिसायची, तेव्हाही असंच वाटायचं. श्वास तेव्हापासून अडतो. जिन्यावरही तुम्हीच पुढे होतात.”

मी काही बोललो नाही. लग्नाला ३६ वर्षे झाली. लग्नानंतर पहिल्यांदा एकवीरेला गेलो तेव्हापासूनचे सगळे डोळ्यांपुढे आले. प्रत्येक वेळी मी वर पोहोचून, घड्याळ पाहून, किती मिनिटांत आणि किती पायऱ्यांत आलो ते तिला ऐकवीत असे. ती मागून येत असे. तिच्या बाजूने मी कधी चाललोच नव्हतो. कर्जतला गाडीच्या मागे लागलेले इंजिन आठवले. ते आवाज करीत नाही, पुढे जात नाही, नुसते मागे राहते.

बाईंना मी दुसऱ्या दिवशी विचारले, “चढताना काय करायचं?” त्या म्हणाल्या, “श्वासावर पाऊल ठेवायचं. दोन पावलं आत, तीन पावलं बाहेर. जमेना तर एक आत, दोन बाहेर. बोलता येईल इतक्याच वेगानं चालायचं. बोलता येईना की थांबायचं. आणि धाप लागल्यावर नाही, लागायच्या आधी थांबायचं.” मग उरलेले दिवस आम्ही त्या रस्त्याच्या चढावर रोज चाललो. मी तिच्या मागे किंवा शेजारी. आधी दहा पावले, मग पन्नास, मग वळणापर्यंत. माझ्या पायांना ती चाल इतकी अवघड गेली की नमस्कारांचे ते जुने बक्षीस परत करावेसे वाटले.

शेवटच्या दिवशी, आठवड्याच्या मधल्या वारी, गर्दी नसताना, आम्ही कार्ल्यास गेलो. लोणावळ्याहून कार्ले जवळच आहे. सकाळचे ऊन कोवळे होते. पायथ्याच्या दुकानांतून ओटीचे सामान घेतले: खण, नारळ, हळद-कुंकू, वेणी. सौ.ने वर एकदा पाहिले, आणि मग पाहिले नाही. नजर पुढच्या पायरीवर ठेवली. दोन आत, तीन बाहेर. वीसेक पायऱ्या झाल्या की कडेला उभे राहायचे. कोळ्यांची बायकामाणसे भराभर वर जात होती, आईचे नाव घेत होती. पोरे उड्या मारीत पुढे पळत होती. कोणीतरी मागून म्हणाले, “आजोबा, जरा बाजूला.” आम्ही बाजूला झालो. मला त्याचे काही वाटले नाही, याचेच नवल वाटले.

मध्यावर तिचा पाय अडखळला आणि तिने माझ्याकडे पाहिले. तो जिन्यावरचाच चेहरा! मी तोंडाने ‘चल’ म्हणालो नाही. शेजारी उभा राहिलो आणि माझा श्वास तिला ऐकू येईल असा लांब बाहेर सोडला. तिने तिचा सोडला. मग माझा, मग तिचा. किती वेळ गेला कोण जाणे. खाली इंद्रायणीचे खोरे पसरले होते, पलीकडे लोहगड आणि विसापूर. इंद्रायणी लोणावळ्याजवळच उगम पावते, आणि इथून देहूला, आळंदीला जाते. ज्ञानेश्वर माउलींनी सहाव्या अध्यायात योगाभ्यासाचे जे वर्णन केले, ते आमच्या आजोबांच्या तोंडून मी अर्थ न कळता कितीदा ऐकले होते. नदीकडे पाहता पाहता सौ. म्हणाली, “चला.” या वेळी हा शब्द तिचा होता.

वर पोहोचलो. एकवीरेचे देऊळ कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या तोंडाशीच आहे. तिने ओटी भरली. काय बोलली ते मी विचारले नाही. मग आम्ही चैत्यगृहात जाऊन बसलो. सुमारे २ हजार वर्षांपूर्वी डोंगर कोरून केलेले हे काम. भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे. छताला लाकडी कमानी अजून आहेत. दाराशी लेख आहे, की हे शैलगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने करविले. श्रेष्ठी म्हणजे सावकार. माझ्याच जातीचा माणूस! त्याच्या पैशाने उभ्या राहिलेल्या या गारव्यात भिक्षू राहिले. बौद्ध साधनेत येत्या-जात्या श्वासावर लक्ष ठेवणे आहे, त्याला आनापान म्हणतात. आणि चंक्रमण आहे, म्हणजे पावलापावलावर ध्यान ठेवून सावकाश येरझारा घालणे. मी आठ दिवसांत जे कसेबसे शिकलो, ते करीत माणसे याच डोंगरात पावसाळे काढीत असतील, या विचाराने मला एकदम लहान झाल्यासारखे वाटले, आणि बरेही वाटले.

घरी आल्यावर आमच्या जिन्याशी पुन्हा उभे राहिलो. पहिल्या मजल्यावर थांबलो, दुसऱ्या मजल्याच्या त्या वळणावर जरा जास्त थांबलो. तिथे तिने कठडा धरला, आणि सोडला. तिसऱ्या मजल्यावर शेजारणीने दार उघडून विचारले, “अगंबाई, पायी आलात?” सौ. म्हणाली, “पायीच. वेळ लागला एवढंच.”

ज्यांना घरी करून पाहायचे असेल त्यांना एवढेच सांगतो: सकाळी रिकाम्या पोटी, सतरंजीवर, दहा मिनिटे. आधी नुसते आडवे पडून श्वास पाहा. मग हातांची ती सोपी हालचाल. मग लांब रेचकाचे पाच-दहा श्वास. श्वास कोंडू नका, ताण देऊ नका. हृदयाचे, रक्तदाबाचे किंवा दम्याचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि चालू असलेले औषध या भरवशावर बंद करू नका. सौ.चेही औषध डॉक्टरांनी थांबवले तेव्हाच थांबले. जिना अजूनही तिला एकदम चढवत नाही. काही दिवस वाईटही येतात. मग दोन मजल्यांच्या मध्ये भुंग्याचा आवाज येतो आणि शेजाऱ्यांना कळते, की आम्ही बाजारातून परत आलो.

ते बोटाचे यंत्र सूटकेसच्या कप्प्यातच राहिले होते. ते मला परवा दिवाळीची साफसफाई करताना सापडले. त्याच दिवशी जावईबापू आले होते. एकवीरेला आम्ही पायी चढून गेल्याचे त्यांना फार कौतुक. म्हणाले, “बाबा, नक्की किती पायऱ्या आहेत हो? तुम्ही तर दर वेळी मोजता.”

मी आठवून पाहिले. या खेपेला मोजायच्या राहूनच गेल्या होत्या.